पुरातलं पिण्याचं पाणी आणि क्लोरीनची गोळी: कृष्णाकाठच्या घरांसाठी परीक्षण

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ आणि २०२१ सालीही शहरात पाणी शिरलं होतं. अशा वेळी नळ बंद पडतात, आड आणि बोअर गढूळ होतात, आणि मदतीच्या पिशवीतून क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी घरात येते. आमचं मत आधीच सांगतो: घरगुती वापराला ही गोळी टीसीएल पावडरपेक्षा (म्हणजे ब्लीचिंग पावडरपेक्षा) नक्की सरस आहे. मात्र कळशीत क्लोरीन खरंच शिल्लक आहे का, हे कुणी तपासलं नाही तर वाटप वाया जातं.

गोळीतलं रसायन म्हणजे सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट. पट्टीवर बहुतेक वेळा एनएडीसीसी एवढंच छापलेलं असतं. ६७ मिलिग्रॅमची गोळी २० लिटर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम क्लोरीन देते. लहानमोठ्या मात्रेच्या गोळ्याही मिळतात आणि त्या वरवर सारख्याच दिसतात, म्हणून घेताना पट्टीवरचा लिटरचा आकडा वाचायचाच. पाण्याचा जार २० लिटरचा असतो, त्याला ही गोळी बरोबर बसते. खरी अडचण कळशी-हंड्याची. लिटरच्या बाटलीने एकदा मोजून आपल्या भांड्यात किती पाणी मावतं ते बाहेरून रंगाने लिहून ठेवावं. अर्धी गोळी अंदाजाने मोडण्यापेक्षा जार भरून घेणं चांगलं. तांब्या-पितळेची कळशी या कामाला नको, कारण क्लोरीन धातूवरच खर्ची पडतो.

गढूळ पाणी हा गोळीचा मोठा शत्रू. मातीत आणि कुजक्या पाल्यात क्लोरीन संपतो, जंतूंसाठी काही उरत नाही. आधी तुरटी फिरवून पाणी तासभर न हलवता ठेवा, वरचं नितळ पाणी अलगद ओता, मग जुन्या सुती साडीच्या चार पदरांतून गाळा. साडी जुनीच हवी. धुऊन धुऊन तिची वीण दाट झालेली असते, नवीन कापडाची छिद्रं मोठी राहतात. बांगलादेशातल्या मतलब भागातल्या अभ्यासात (२००३) एवढ्या गाळण्याने पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले, कारण पटकीचे जंतू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून असतात तेच कापडात अडकले. गाळूनही पाणी गढूळ राहिलं तर २० लिटरला दोन गोळ्या. गोळी टाकून ढवळायचं, झाकायचं आणि ३० मिनिटं हात लावायचा नाही. पाणी थंडगार असेल तर आणखी थोडा वेळ द्यावा.

टीसीएल विहिरीला आणि गावच्या टाकीला ठीक. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो, पण पोतं उघडं राहिलं किंवा ओल लागली की तो उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. हजार लिटरला ५ ग्रॅम टाकली तर ताज्या पावडरीतून लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या पुढे क्लोरीन मिळतो, १० टक्क्यांच्या पावडरीतून जेमतेम अर्धा. मोजमाप तेच, पाणी मात्र असुरक्षित. बंद पट्टीतल्या गोळीचं असं होत नाही, ती काही वर्षं टिकते.

आता ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते रंगावरून पाहणं. अर्ध्या तासानंतर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन (जंतू मारायला मोकळा असलेला) उरला पाहिजे. ओटीचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत वाचायचा असतो. पुष्कळदा नळी हलवून, बोलत बोलत पाच मिनिटांनी रंग पाहिला जातो. तोवर संयुक्त क्लोरीनही (पाण्यातल्या इतर घटकांशी जोडला गेलेला, कमी प्रभावी) रंग देतो आणि वहीत खोटं ‘ओटी पॉझिटिव्ह’ चढतं. डीपीडीची गुलाबी रंगाची चाचणी यापेक्षा भरवशाची, आणि जिल्ह्याने पूरकाळासाठी तीच घ्यावी असं आमचं स्पष्ट म्हणणं आहे.

नुसतं वाटप पुरत नाही, याला संशोधनाचाही आधार आहे. नेपाळ, इंडोनेशिया, केनिया आणि हैती इथल्या आपत्तींमध्ये घरगुती पाणीशुद्धीकरणाची पाहणी झाली (२०१२ साली प्रसिद्ध). साधनं वाटलेल्या घरांपैकी ज्यांचं पाणी खरोखर सुधारलं, त्यांचं प्रमाण कुठे शून्य, तर कुठे ६७.५ टक्के निघालं. लोकांना वापर नीट शिकवला आणि साधन त्यांच्या ओळखीचं होतं तिथे यश जास्त. म्हणून जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात ‘इतक्या गोळ्या वाटल्या’ हा रकाना पुरेसा नाही. आशाताईंनी घरात जाऊन किती कळशा तपासल्या आणि त्यातल्या कितींत क्लोरीन सापडला, हाही रकाना हवा. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी तोंडाने दिलं आणि मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. तिथेही नोंदी ठेवल्या होत्या म्हणून पुढे जगाने ते स्वीकारलं.

गोळीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पुरात वाहून आलेलं डिझेल, कीटकनाशक, खत ती काढत नाही. अशा वासाचं पाणी उकळूनही पिऊ नये. क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या जंतूंवर ती चालत नाही. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) संसर्ग चिखलपाण्यातून कातडीवाटे होतो, त्याला गमबूट आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन.

पाच जणांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाचं दिवसाला २० लिटर धरलं तर गढूळ पाण्यासाठी १५ दिवसांच्या ३० गोळ्या लागतात. जूनच्या आधीच त्या घेऊन ठेवाव्यात, ओआरएसच्या पुड्या आणि औषधांच्या पट्ट्यांपासून वेगळ्या डब्यात. एकाच पिशवीत सगळं आलं की म्हाताऱ्या माणसांकडून ही गोळी औषध समजून गिळली जाण्याचा धोका असतो. डब्यावर जाड अक्षरांत लिहा: ‘पाण्यात टाकायची, गिळायची नाही’, आणि खाली मुदत संपण्याची तारीख.