गुंडरसन की मास स्टार्ट?

नॉर्डिक कम्बाइन्ड म्हणजे स्कीवरून उडी आणि बर्फावरची लांब शर्यत, दोन्हींचा मिळून एक निकाल. गुंडरसन पद्धतीत आधी उडी. मग १० किलोमीटरच्या शर्यतीत, उडीतल्या १५ गुणांच्या फरकामागे एक मिनिट या हिशेबाने उडीतला पहिला आधी सुटतो, बाकीचे त्याच्या मागे लागतात. रेषा आधी ओलांडेल तो जिंकला, आकडेमोड संपली! मास स्टार्टमध्ये सगळे एकदम सुटतात, उडी शेवटी आणि निकाल गुणांच्या बेरजेवर. उडीच्या शौकिनांना तेच आवडेल, मान्य. पण लांब पल्ल्याची धावपटू कविता राऊत हिच्या नाशिकला गुंडरसनचा पाठलागच भावणार. त्यात नॉर्वे-जर्मनीपेक्षा आपलं घड्याळ हिवाळ्यात साडेचार तास पुढे, म्हणजे तिकडची दुपारची शर्यत इथे संध्याकाळी, कामं आटोपल्यावर.