ड्रेसिंग रूमसाठी काय घ्यावं: ४०५ नॅनोमीटरचा दिवा की नॅनो कोटिंग?

औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा विषय निघाला की आधी यूव्ही ट्यूब आठवते. पण ती लावायची तर खोली रिकामी हवी, आणि पावसाळ्यात आमची ड्रेसिंग रूम दिवसभर रिकामी होतच नाही. त्यामुळे खरी निवड दोघांतच उरते: जंतू मारणारा ४०५ नॅनोमीटरचा जांभळा दिवा, नाहीतर टेबल-ट्रॉलीवर चढवायचा जंतुनाशक नॅनो कोटिंगचा थर. हर्णैजवळच्या माझ्या छोट्या दवाखान्यात दोन्ही वापरून झालं आहे.

कोटिंगमागची कल्पना मला मनापासून आवडते. सिकाडा या कीटकाच्या पंखावरचे अतिसूक्ष्म खुंट स्यूडोमोनास या जंतूला नुसत्या स्पर्शाने फाडतात, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं. रसायन नाही, म्हणून प्रतिरोधाची धास्तीही कमी. बाजारात मिळतं ते मात्र बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडचं, आणि ते साधं असेल तर त्याला काम करायला साधारण ३८८ नॅनोमीटरच्या खालचा, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो. खोलीतल्या एलईडीत तो जवळजवळ नसतोच. नायट्रोजनसारखं काही मिसळून दृश्य प्रकाशावर चालणारं केलंय का, हे विक्रेत्याला आधी विचारा.

तरीही मी कोटिंगच ठेवलं असतं. नडली ती खारी हवा. सकाळी पुसलेल्या टेबलाला दुपारी हात लावावा तर चिकट. जंतू पृष्ठभागाला टेकला तरच कोटिंगचा उपयोग, आणि मध्ये हा मिठाचा ओलसर थर. तो काढायला हायपोक्लोराइटने (ब्लीचच्या द्रावणाने) पुसत राहावं, तर कोटिंगच झिजेल ही काळजी. बरं, ते अजून काम करतंय का, हे डोळ्यांना कळत नाही. शिंगाळा माशाचा काटा घुसून सुजलेला हात घेऊन खलाशी समोर बसला की अशी शंका मनात नको वाटते.

दिव्याचा प्रकाश जंतूच्या आतल्याच पॉर्फिरिन या प्रकाश शोषणाऱ्या रेणूंवर पडतो, त्यातून सक्रिय ऑक्सिजन तयार होतो आणि पेशी मरते. एमआरएसएवर (औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर) चांगला, स्यूडोमोनाससारख्या ग्रॅम-निगेटिव्ह गटातल्या जंतूंवर सहसा संथ. तासन्‌तास लागतात, ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात सावली राहते, पुसणं काही सुटत नाही. पण माणसं आत असताना चालू ठेवता येतो, इन्व्हर्टरवर चालतो, आणि बंद पडला तर लगेच दिसतं.

तुमची खोली बंदिस्त, एसीची आणि समुद्रापासून लांब असेल, तर कदाचित तुम्हाला कोटिंग बरं पडेल. किनाऱ्यावर असाल तर मी दिवाच सुचवेन. फक्त निव्वळ जांभळा घेऊ नका, त्या उजेडात जखमेभोवतीची लाली नीट ओळखता येत नाही. पांढऱ्यात मिसळलेला घ्या आणि जांभळ्याचं बटण वेगळं ठेवा, म्हणजे रात्री तो एकटाच चालू ठेवता येईल.