'टेस्टेड' लिहिलेलं क्वाड एट-ट्रॅक घेऊ नका : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या शनिवारी माझं तिसरं क्वाड एट-ट्रॅक कार्ट्रिज गेलं. क्वाड एट-ट्रॅक म्हणजे चार स्पीकरांसाठी चार वेगळे चॅनेल असलेली जुनी टेप. ती प्लॅस्टिकच्या डब्यात, म्हणजे कार्ट्रिजमध्ये येते आणि तिच्या खास मशीनवर वाजते. विकणाऱ्याने वर 'टेस्टेड' अशी चिठ्ठी चिकटवली होती, मी चाळीस डॉलर मोजले होते, आणि लावल्यावर अकराव्या मिनिटाला आवाज बंद. बाहेर काढून बघते तर तोंडाशी टेपच नाही. जोड सुटला होता आणि टोक आत ओढलं गेलं होतं. या मशीनबद्दल चांगलं सांगण्यासारखं माझ्याकडे भरपूर आहे आणि ते सांगणारही आहे, पण आधी हे.

टेप अखंड गोल फिरते, रिळाच्या मधून निघते आणि बाहेरच्या वेढ्यावर परत जाते. दोन टोकं जिथे जुळतात तिथे इंचभर धातूची फॉइल असते. ती संपर्कावरून गेली की प्लेअर हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, सरकवतो आणि दुसरा प्रोग्रॅम, म्हणजे त्याच टेपवरचा चार ट्रॅकांचा दुसरा संच, सुरू होतो. क्वाड कार्ट्रिजं १९७० साली आरसीए या अमेरिकन कंपनीने बाजारात आणली, म्हणजे त्या फॉइलचा गोंद आज पन्नास वर्षांच्या आसपासचा आहे. तो वाळलेलाच असतो. अशा कार्ट्रिजला न उघडता प्लेअरमध्ये घालून 'वाजतंय' म्हणणं म्हणजे तो जोड एकदा ताणून, अर्धा उकलून मग माझ्या गळ्यात मारणं. 'टेस्टेड'पेक्षा 'कधीच लावलेलं नाही' असं लिहिलेलं कार्ट्रिज मी दहा डॉलर जास्त देऊन घेईन. जे विकतात त्यांना कळकळीने सांगते, लावून बघू नका. जसं आहे तसं द्या.

आता सुरुवातीपासून. आम्ही क्लीव्हलंडजवळ राहतो. मागच्या वर्षी एका घरातलं सगळं सामान विक्रीला निघालं होतं, तिथे तळघरात जपानी बनावटीचा क्वाड प्लेअर आणि चौदा कार्ट्रिजं मिळून साठ डॉलरला मिळाली. चार स्पीकर घरात होतेच, दोन नवऱ्याचे कॉलेजपासूनचे आणि दोन गॅरेजमधले.

पहिले दोन महिने मी निराश होते. आवाज गोधडीखालून आल्यासारखा, वर सतत सूं सूं, आणि मागचा डावा स्पीकर मधूनच गप्प. गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पंच्याऐंशी डॉलर घेतले, पट्टा बदलला, हेड पुसलं आणि सांगितलं, "टेप जुन्या आहेत, असाच येणार आवाज." मी विश्वास ठेवला. त्या काळात कुणी विचारलं तर मी सांगायचे की क्वाड म्हणजे नुसती हौस, त्यात ऐकण्यासारखं काही नाही. ते मत मी मागे घेते. चूक टेपची नव्हती, पॅडची होती.

टेपला हेडवर दाबून धरणारं पॅड प्लेअरमध्ये नसतं, कार्ट्रिजच्या तोंडात असतं, आणि बहुतेक कार्ट्रिजांत ते स्पंजचं असतं. मी एकावर टूथपिक टेकवली तर ती आत रुतली आणि काकवीसारखी तार निघाली. असं पॅड टेप दाबणार कशाने? हेडपासून टेप केसभर जरी सुटली तरी आधी जातात ते वरचे स्वर, म्हणजे झांजा, गिटारच्या तारेवरचा नखाचा आवाज, गायकाचा श्वास. बरं, चार ट्रॅकपैकी ज्या कडेला दाब कमी पडतो तिकडचा चॅनेल मधूनमधून गळतो. माझा मागचा डावा स्पीकर त्यामुळेच रुसत होता. दुरुस्तीवाल्याने कार्ट्रिजच्या तोंडात एकदाही डोकावलं नव्हतं, ते पंच्याऐंशी डॉलर मला अजून बोचतात.

तयार पॅड विकत मिळतात, पण मी ती घेतली नाहीत. दारा-खिडक्यांच्या फटींना लावायची चिकट फोमची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात पाच डॉलरला मिळते, तिचे तुकडे कापले आणि टेप घासू नये म्हणून वर गुळगुळीत टेफ्लॉनची चिकटपट्टी लावली. एवढ्यात चौदाही कार्ट्रिजं झाली आणि निम्मी गुंडाळी उरली.

जोड बदलायला धीर लागतो. रात्री ओटा आवरल्यावर डायनिंग टेबलावर पांढरा पंचा पसरते, म्हणजे काळी टेप त्यावर नीट दिसते. चिमट्याने टेप हलकेच तोंडाबाहेर ओढत राहायचं, फॉइल येईपर्यंत. वेळ लागतो, कारण प्रोग्रॅम वीस मिनिटांचा धरला तर सेकंदाला ३¾ इंच वेगाने सुमारे ३७५ फूट टेप आत असते. साध्या स्टिरिओ एट-ट्रॅकमध्ये चार प्रोग्रॅम असल्याने तोच अल्बम निम्म्या लांबीत मावतो. क्वाडमध्ये ओझं दुप्पट, म्हणून अडकण्याची भीतीही जास्त. फॉइल दिसली की बहुतेक वेळा ती बोट लागताच पापुद्र्यासारखी सुटते. दोन्ही टोकं चिमटीत धरून ठेवायची, एकही सोडायचं नाही. नवी फॉइल हेडकडच्या बाजूला लावायची. मागच्या बाजूला ग्राफाइट असतं, तिथे काही चिकटत नाही. आणि ती बाजू अल्कोहोलने पुसायची नाही, अजिबात नाही. वेढे एकमेकांवरून सरकतात ते त्या ग्राफाइटच्याच जोरावर.

हे सगळं केल्यावर पहिल्यांदा लावलं ते पिंक फ्लॉइड या रॉक बँडचं 'डार्क साइड ऑफ द मून'. चार चॅनेलचं हे मिक्स त्या अल्बमचा ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्स याने केलेलं आहे, आणि त्यातला घड्याळांचा आवाज त्याने मुळात क्वाडचं प्रात्यक्षिक म्हणून एका जुन्या वस्तूंच्या दुकानात रेकॉर्ड केला होता. खोलीच्या मधोमध बसून तो ऐकला तेव्हा मी खरोखर मान वळवून मागे बघितलं. एसक्यू या दुसऱ्या क्वाड पद्धतीच्या रेकॉर्डमध्ये (तबकडीत) चार चॅनेल दोनात कोंबलेले असतात आणि डिकोडरने ते सोडवावे लागतात, त्यात एकाचा आवाज दुसऱ्यात पाझरतोच. इथे चारही ट्रॅक वेगळे. शिवाय दोनच प्रोग्रॅम असल्यामुळे माझ्या चौदा कार्ट्रिजांपैकी एकातही गाणं मध्येच तुटत नाही.

दोष आहेतच. सूं सूं पूर्ण जात नाही. पियानोचा किंवा ऑर्गनचा लांबवलेला सूर काही कार्ट्रिजांवर थरथरतो, आतली गुंडाळी घट्ट बसली असेल तर जास्तच. अशा वेळी कार्ट्रिज तळहातावर सपाट आपटून वेढे मोकळे करते, त्याने बराच फरक पडतो. हळू जागी दुसऱ्या प्रोग्रॅमचं गाणं मागून कुजबुजायचं, ते हेडच्या उंचीचा स्क्रू किंचित फिरवल्यावर तेरा कार्ट्रिजांवर थांबलं. चौदाव्यावर अजून येतं, तिथे मुळात रेकॉर्डिंगच सरकलेलं असावं.

रोजची निगा फार नाही. दर चार-पाच कार्ट्रिजांनंतर कॅप्स्टन (टेप ओढणारा फिरता दांडा) आणि हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसते, कापूस दर वेळी काळा निघतो. ऐकून झालं की कार्ट्रिज लगेच बाहेर, नाहीतर त्यातल्या रबरी चाकाला खड्डा पडतो. एका जुन्या कार्ट्रिजचं ते चाक वितळून डांबर झालं होतं, ते दुसऱ्या निकामी कार्ट्रिजमधून काढून बसवलं. म्हणून मोडकी कार्ट्रिजं मी टाकत नाही. उन्हात गाडीत तर एकही ठेवत नाही.

घ्यावं का? पार्सन्सचं ते मिक्स २०११च्या मोठ्या बॉक्स संचात डिस्कवर आलं आहे. तेवढंच हवं असेल तर डिस्क घ्या, त्रास वाचेल. पण रॉकची कितीतरी क्वाड मिक्सं डिस्कवर आलेलीच नाहीत, ती या प्लॅस्टिकच्या डब्यांतच आहेत. त्यांच्यासाठी मी हा खटाटोप करते आणि करत राहीन.

शनिवारचं कार्ट्रिज काल उघडलं. दोन्ही टोकं सापडली, पण हातभर टेप चुरगळली होती, ती कापावी लागली. एका गाण्याच्या शेवटाचे काही सेकंद कायमचे गेले. विकणाऱ्याला लिहून दहा डॉलर परत मागितले. त्याचं उत्तर आलं, "माझ्याकडे वाजत होतं."