केमन घ्यायला निघालो होतो, तपासून घेतली म्हणून वाचलो

बऱ्याच वर्षांपासून डोक्यात होती म्हणून 2007ची पोर्शे केमन एस बघून ठेवली होती, मॅन्युअल, मीटरवर 58 हजार किलोमीटर, आणि मालकाचं पालुपद एकच, "फक्त रविवारी हायवेला काढतो हो". मी टोकन द्यायलाच निघालेलो पण बायको म्हणाली आधी कुणाला तरी दाखव, मग विकणाऱ्याशी काही संबंध नसलेला, पैसे घेऊन फक्त गाड्या तपासून देणारा एक मेकॅनिक गाठला. हा रिव्ह्यू त्याच्या कामाचा आहे, गाडीचा नाही.

त्याने आदल्या दिवशीच मालकाला फोनवर सांगितलेलं की मी येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका. आम्ही पोचलो, त्याने सायलेन्सरच्या टोकाशी हात नेला आणि माझ्याकडे बघितलं. गरम! थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना जो आवाज आणि धूर येतो तो ऐकायचा-बघायचाच असतो, तापवून ठेवली की अर्धं झाकलं जातं. पठ्ठ्याने सरळ सामान उचललं, म्हणाला उद्या सकाळी येतो, आणि दुसऱ्या दिवशी आला त्याचे जादा पैसे पण घेतले नाहीत. माझे इथेच पैसे वसूल.

रंगाची जाडी मोजायचं मीटर सगळीकडून फिरवलं, बाकी 110 ते 130 मायक्रॉन, मागच्या डाव्या बाजूला एकदम 400च्या वर, म्हणजे खाली पुट्टी. मालक म्हणे पार्किंगमध्ये घासली होती. असेल बाबा, तेवढ्यावरून मी गाडी सोडली नसती.

मला खरी धास्ती इंजिनाची होती, ते आयएमएस बेअरिंगचं (इंजिनातल्या एका मधल्या शाफ्टचं बेअरिंग, ते फुटलं की इंजिनच जातं) प्रकरण सगळ्यांनी वाचलेलं असतंच. यावर त्याने नीट समजावलं की 2006 ते 2008च्या इंजिनात ते बेअरिंग मोठं आहे, सहसा जात नाही, पण बदलायचं म्हटलं तर अख्खं इंजिन उघडावं लागतं, आणि या 3.4 लिटरवाल्यात बेअरिंगपेक्षा सिलेंडरला ओरखडे पडतात का ते आधी बघायचं. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून बारीक कॅमेरा घालून सहाही सिलेंडर दाखवले. स्वच्छ. मी मनातल्या मनात चावी खिशात टाकली पण होती.

मग त्याने लॅपटॉप जोडला. साध्या ओबीडी स्कॅनरवर, म्हणजे कुठल्याही गाडीला लावून एरर कोड वाचायच्या यंत्रावर, हे दिसत नाही, पोर्शेसाठीचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. त्यात इंजिन लाल रेषेच्या वर किती वेळा गेलं त्याची सहा पायऱ्यांत नोंद असते. खालच्या पायऱ्या रेस दाबून लिमिटरला (इंजिन ठराविक वेगावर जाऊ न देणारी सोय) टेकवलं तरी भरतात, त्याचं काही नाही, पण वरच्या पायऱ्या भरतात त्या गिअर चुकल्यावरच, म्हणजे पाचवा टाकायला गेलो आणि तिसरा पडला की चाकंच इंजिनाला फिरवतात, तिथे लिमिटर काही करू शकत नाही. या गाडीची पाचवी पायरी भरलेली, आणि ते कधी झालं त्याचा इंजिन-तास पण लिहिलेला, 2,870. आत्ताचे एकूण तास 2,900. म्हणजे तीसच तासांपूर्वी कुणीतरी गिअरची वाट लावलेली.

इथवर मी सावरून घेत होतो हो, भाव पाडून घेऊ वगैरे. पण त्याने फोनचा कॅल्क्युलेटर काढला, 58 हजार भागिले 2,900, आणि स्क्रीन मालकासमोर धरली. वीस. ताशी वीस किलोमीटर सरासरी. "साहेब, हायवेलाच चालवता ना?" एवढंच विचारलं त्याने. मालक आधी म्हणाला ट्रॅफिक असतं, मग म्हणाला कधी कधी मुलगा पण नेतो, मग फोन आला म्हणून आत गेला.

मला आवडलं ते हे की रिपोर्टमध्ये त्याने "मीटर मागे घेतलंय" असं छातीठोक लिहिलं नाही. एखाद्या गाडीचा ईसीयू, म्हणजे हे तास मोजणारा इंजिनाचा कॉम्प्युटर, बदललेला असतो, कुणी तासन्‌तास नुसती चालू ठेवतं, त्यामुळे "तास आणि किलोमीटर जुळत नाहीत, क्लच पेडलचं रबर आणि स्टिअरिंगचं चामडं 58 हजारांच्या मानाने जास्त झिजलंय, सर्व्हिस बुकात दोन वर्षं कोरी" एवढंच. बाकी ठरवायचं ते मी ठरवलं.

तक्रारी पण आहेत. रिपोर्ट संध्याकाळी देतो म्हणाला तो तीन दिवसांनी आला, खालून काढलेले फोटो इतके हललेले की ऑइल गळतंय की सावली आहे कळेना. लीकडाऊन टेस्ट (सिलेंडरमध्ये हवा भरून किती गळते ते बघायची) पॅकेजमध्ये नाही हे तिथे गेल्यावर सांगितलं. आणि एसीचा रकाना कोराच, विचारलं तर "राहिलं बघा". गाडी घ्यायचीच नव्हती म्हणून भांडलो नाही.

आता 2009ची एक बघितलीय, तिच्या इंजिनात ते बेअरिंगच नाही. परत त्यालाच बोलावलंय, फक्त या वेळी गाडी थंड आहे बघून झाली की पहिला एसी लावायला सांगणार आहे.