दिवा, बेल, फ्रिज आणि आमटीची वाटी: ठाण्यातील एका घरगुती विद्युत तपासणी सेवेचा अनुभव

नौपाड्यातील आमचे घर १९८४ साली बांधलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. गेल्या पावसाळ्यात या घरात चार गोष्टी अशा घडू लागल्या की ज्यांचे कारण घरातील कोणालाच सांगता येईना. देवघरातील दिवा बटण बंद केल्यावरही रात्रभर काजव्याइतका मंद तेवत राही. दाराशी कोणी नसताना पहाटे बेल वाजे. फ्रिजचे दार उघडताना हाताला झिणझिण्या येत, पण रोज नव्हे. आणि ओट्यावर ठेवलेली आमटीची वाटी, कोणी हात न लावता, वीतभर सरकून थांबे. यांपैकी एखादीच गोष्ट घडली असती तर आम्ही ती हसण्यावारी नेली असती. परंतु जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत चारही एकदम सुरू झाल्याने घरात कुजबुज वाढली, येणाऱ्याजाणाऱ्या नातेवाइकांनी आपापले तर्क लढवले, आणि एका चुलत सासूबाईंनी ‘भानामती’ हा शब्द उच्चारून टाकला.

शब्द एकदा उच्चारला गेला की तो कोणाच्या तरी माथी मारला जातो. आमच्याकडे तो धुणीभांडी आणि लादी करणाऱ्या मावशींच्या वाट्याला आला. त्या मे महिन्यात आमच्याकडे लागल्या होत्या, जूनमध्ये हे प्रकार सुरू झाले, आणि दिवा व बेल सोडल्यास बाकीचे दोन्ही प्रकार त्या घरात असताना किंवा नुकत्याच निघून गेल्यावर घडत. ‘पायगुण’ या शब्दावर सुरू झालेले बोलणे आठवड्याभरात ‘करणी’पर्यंत पोहोचले. अमुक बाई करणी करते असे चारचौघांत जाहीर करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, हे मी जेवताना सांगितले तेव्हा विषय तेवढ्यापुरता थांबला. मनातून मात्र तो कोणाच्याच गेला नाही. खरे सांगायचे तर माझ्याही गेला नव्हता.

मधल्या काळात दोन जण येऊन गेले. एका वास्तुतज्ज्ञांनी देवघराची दिशा बदलण्याचे व शांतीचे मिळून अकरा हजार रुपये सांगितले. कोपऱ्यावरच्या एका वायरमनने फ्रिजची अर्थिंगची पिन न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेला, जोडून देण्याची तयारी दाखवली. ती आम्ही स्वीकारली नाही, याचे महत्त्व नंतर कळले. त्यानंतर एका परिचितांच्या सांगण्यावरून मी या तपासणी सेवेला बोलावले. ही सेवा म्हणजे शासकीय परवाना असलेले एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक आणि त्यांचा तरुण मदतनीस. एवढाच त्यांचा पसारा. तपासणीचे शुल्क २,४०० रुपये आणि दुरुस्ती केल्यास तिचा खर्च वेगळा.

फोनवर त्यांनी पहिली सूचना केली ती अशी, की येण्यापूर्वी पंधरा दिवस एक वही घालावी, प्रत्येक प्रकाराची तारीख, वेळ, त्या वेळी घरात कोण होते आणि त्याआधीच्या तासाभरात घरात काय काम झाले होते, हे सर्व लिहावे, आणि कारण मात्र लिहू नये. हे मला फार पटले. सासूबाईंनी शंभर पानी वही आणली, वर ‘श्री’ लिहिले आणि पंधरा दिवसांत बावीस नोंदी केल्या. त्यांचे अक्षर सुरेख आहे आणि त्या पूर्वी शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे वहीत ‘सकाळी’ असे मोघम कोठेही नाही. ‘सकाळी १० वाजून ४० मिनिटे’ असेच आहे.

ठरलेल्या दिवशी हे गृहस्थ एक तास वीस मिनिटे उशिरा आले आणि त्यांनी आधी कळवलेही नाही. ही या सेवेची पहिली उणीव. आल्यावर मात्र त्यांनी पेटी उघडण्यापूर्वी खुर्चीवर बसून ती वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मध्ये एकदाही हसले नाहीत. सासूबाईंना ते ‘आजी’ म्हणत होते, त्या त्यांना ‘काका’. दोघांच्या वयात फार तर दहा वर्षांचे अंतर असेल.

सुरुवात दिव्यापासून झाली. देवघरात दोन वर्षांपूर्वी साधा पिवळा बल्ब काढून एलईडी बल्ब लावला होता. काकांनी बटण बंद ठेवून बल्ब काढला आणि होल्डरच्या एका टोकाला टेस्टर लावला, तर टेस्टर लख्ख पेटला. म्हणजे बटण बंद असूनही होल्डरपर्यंत फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी तार, जिवंत होती. पूर्वी कधीतरी रंगकामाच्या वेळी बोर्ड उघडून पुन्हा जोडताना फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली असावी, त्यामुळे आमचे बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत होते. अशा वेळी शेजारून जाणाऱ्या तारांमधून आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीतून अगदी सूक्ष्म प्रवाह वाहत राहतो. जुन्या बल्बची तार तापून प्रकाश देण्यास तो कधीच पुरत नसे. एलईडीला मात्र मंद तेवण्यासाठी तेवढाही चालतो. हे नुसते सांगून ते थांबले नाहीत. मल्टिमीटर होल्डरला लावून त्यांनी आम्हाला ८० व्होल्टच्या आसपासचा आकडा दाखवला, मग मीटर तसाच ठेवून त्याच दोन टोकांना पेटीतला चाळीस वॅटचा जुना बल्ब जोडला. बल्ब पेटला नाही आणि मीटरवरचा आकडा घसरत जवळजवळ शून्यावर आला. “आकडा मोठा, पण त्याच्यात जोर नाही,” असे ते म्हणाले. ज्या बटणात लहान लाल दिवा असतो त्या बटणामुळेही एलईडी असाच तेवू शकतो, आणि त्यात सहसा धोका नसतो. आमच्याकडे धोका होता, कारण बटण बंद करून बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसला असता.

बोर्डातील जोडणी सरळ करण्यास दहा मिनिटे लागली. रात्री देवघर प्रथमच पूर्ण अंधारात गेले, आणि ते सासूबाईंना आवडले नाही. सासऱ्यांना जाऊन तेव्हा वर्ष होत आले होते. त्या दिव्याबद्दल त्या आम्हाला काही बोलल्या नव्हत्या. वहीत मात्र सातव्या नोंदीपुढे त्यांनी, सूचना मोडून, एक शब्द कारण म्हणून लिहिला होता आणि नंतर खोडला होता. काकांनी तो वाचला असावा. दुसऱ्या खेपेस येताना त्यांनी अर्ध्या वॅटचा छोटा रात्रदिवा आणला, देवघरात लावला आणि बिलात धरला नाही.

बेलचे कोडे वहीनेच सोडवले. नऊ नोंदींपैकी आठ पहाटे ५ वाजून ५ मिनिटे ते ५ वाजून २० मिनिटे या वेळेतल्या होत्या. आमची बेल बिनतारी आहे. अशा स्वस्त बेली बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास संदेश पाठवतात आणि जुन्या धाटणीच्या बेलींमध्ये ठरावीक मोजकेच सांकेतिक क्रमांक असतात. शेजारच्या घरात तोच क्रमांक असेल तर तिथले बटण दाबल्यावर इथली बेल वाजते. समोरच्या इमारतीत पहाटे दूधवाला येतो तो नेमका याच वेळी. मदतनीस तरुण समोर जाऊन आला, त्या घरच्यांच्या परवानगीने त्याने बटण दाबले, आणि आमच्या घरात बेल वाजली. बेलच्या आतील दोन पिनांची जागा बदलल्यावर ते थांबले. उरलेली नववी नोंद रात्री पावणेतीनची आहे. तिचे कारण विचारले तेव्हा काकांनी ‘सांगता येणार नाही’ एवढेच म्हटले, आणि पाणचट अंदाज बांधला नाही, हे मला आवडले.

फ्रिजच्या नोंदी या सर्वांत महत्त्वाच्या ठरल्या, कारण मावशींवरचा संशय मुख्यतः त्यांवरच उभा होता. सात नोंदींपैकी सातही वेळा झिणझिण्या लादी पुसल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत आल्या होत्या. लादी मावशी पुसत, म्हणून त्या घरात असताना किंवा जाताच हा प्रकार घडे. काकांनी मीटर बोर्डाच्या अर्थिंगपासून एक लांब वायर स्वयंपाकघरापर्यंत ओढली आणि तिचे टोक व फ्रिजचा पत्रा यांमध्ये मीटर लावला. आकडा ९४ व्होल्ट. सॉकेट उघडले तर तिसऱ्या, जाड पिनेच्या खोबणीमागे वायरच नव्हती. स्क्रूवर रंगाचा थेंब तसाच वाळलेला होता, म्हणजे तो स्क्रू चाळीस वर्षांत कोणी फिरवलेलाच नव्हता. फ्रिज नादुरुस्त नव्हता. मेगर नावाच्या यंत्राने त्याचे इन्सुलेशन, म्हणजे वीज पत्र्यापर्यंत येऊ न देणारे आवरण, मोजून पाहिले, तेव्हा किमान अपेक्षित असलेल्या एक मेगओमपेक्षा ते बरेच चांगले निघाले. प्रत्येक उपकरणातून थोडीशी गळती होतच असते. अर्थिंग असेल तर ती मुकाट्याने जमिनीत जाते, नसेल तर पत्र्यावर साचून राहते आणि ओल्या लादीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून वाट काढते. कोरड्या लादीवर चप्पल घालून उभे राहिले की काही जाणवत नाही. मावशी कधीच चप्पल घालत नसत, कारण आम्हीच त्यांना स्वयंपाकघरात चप्पल घालू देत नव्हतो.

पूर्वीच्या वायरमनने सुचवलेला उपाय का वाईट, हेही येथे समजले. अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडली आणि पुढे कधी न्यूट्रल तुटला, तर फ्रिजच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. सॉकेटपर्यंत नवी अर्थिंगची वायर ओढणे आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवणे हाच रास्त उपाय होता व तोच केला.

वाटीचा प्रकार विद्युत तपासणीत बसत नव्हता. तरीही त्यांनी तो टाळला नाही. ओट्यावर लेव्हलची नळी ठेवली तेव्हा पाणी मोरीकडे वाहावे म्हणून गवंड्याने दिलेला किंचित उतार दिसला. मग त्यांनी आमच्याच स्टीलच्या वाट्यांपैकी एक, जिच्या बुडाला आत दबलेली खोलगट गोल चकती आहे ती, विसळून ओलीच ग्रॅनाइटवर ठेवली आणि तिच्यात कढत पाणी ओतले. क्षणभर काही झाले नाही. मग वाटी स्वतःशी थरथरल्यासारखी झाली आणि मोरीच्या दिशेने सरकत सरकत भिंतीच्या टाइलला टेकली. बुडाखाली अडकलेली हवा गरम पाण्याने प्रसरण पावते, कडेच्या पाण्याच्या थरातून बाहेर पडू पाहते, वाटीला किंचित उचलून धरते आणि घर्षण जवळजवळ नाहीसे होते. कोरडी वाटी ठेवून तोच प्रयोग केला तेव्हा ती जागची हलली नाही. आमच्या घरी दुपारी भांडी घासून झाल्यावर ओटा ओला असतानाच पाने वाढली जातात, आणि भांडी अर्थातच मावशी घासतात. सासूबाईंनी हा प्रयोग तीन वेळा पुन्हा करून घेतला. तिसऱ्या वेळी कढत पाणी त्यांनी स्वतः ओतले.

वहीतील बाविसावी नोंद चांदीच्या करंड्याची होती. तो देवघरातून नाहीसा होऊन चार दिवसांनी डाळीच्या डब्यामागे सापडला. काकांनी ती नोंद वाचून वही मिटली आणि हे आपले काम नाही असे सांगितले. करंडा तेथे कसा गेला हे आजही कोणाला ठाऊक नाही. मला विचाराल तर ज्याने ठेवला तो घरातलाच आहे आणि विसरला आहे.

आता पैशांविषयी आणि तक्रारींविषयी. दोन खेपा मिळून सुमारे सहा तास काम झाले. तपासणीचे २,४०० आणि आरसीसीबी, वायर, दोन सॉकेट व मजुरी मिळून ७,८५० असे एकूण १०,२५० रुपये झाले. वस्तूंच्या पावत्या मिळाल्या आणि त्यांतील दर बाजारभावाप्रमाणे होते. मजुरी मला चढी वाटली. भिंतीला पाडलेली खाच त्यांनी सिमेंटने बुजवली, पण गिलावा ओबडधोबड ठेवला आणि खाली पडलेला चुना झाडला नाही. लेखी अहवाल आठ दिवसांत देण्याचे कबूल करून तो तीन आठवड्यांनी दिला, तोही इंग्रजीत. सासूबाईंनी मराठी प्रत मागितली तेव्हा मदतनिसाने ती एका कागदावर हाताने लिहून दिली, आणि माझ्या मते मूळ अहवालापेक्षा ती अधिक चांगली आहे. या त्रुटी धरूनही, ज्यांचे घर तीस-चाळीस वर्षांचे आहे आणि ज्यांना पावसाळ्यात पत्र्याच्या उपकरणांना हात लावताना काही जाणवते, त्यांनी अशी तपासणी करून घ्यावी असे मी म्हणेन. बोलावण्यापूर्वी वही मात्र घालावीच, कारण तिच्यावाचून या माणसांना बेल आणि फ्रिज या दोन्हींचा उलगडा एका खेपेत झाला असता असे मला वाटत नाही.

एक मोठी तक्रार राहिली. काम चालू असताना मावशी दारात उभ्या राहून सर्व पाहत होत्या. शेवटी त्यांनी काकांना विचारले की कळव्याला त्यांच्या खोलीतही कूलरला हात लावला की असेच होते, तर येऊन पाहाल का. उत्तर मिळाले की शुल्क सर्वांना सारखेच, २,४०० रुपये. दोन दिवे, एक पंखा आणि एक कूलर असलेल्या खोलीसाठी या सेवेकडे वेगळा दर नाही, आणि तो असायला हवा असे मी त्यांना फोन करून सांगितले आहे. त्यांनी विचार करतो म्हटले. तोपर्यंत कूलरखाली लाकडी फळी ठेवून, चप्पल घालून आणि प्लग काढूनच त्यात पाणी भरायचे, असे मावशींनी ठरवले आहे.