सरावाला देवगिरी की गौताळा?

दिवाळीच्या सुट्टीत पोरांना ४ दिवसांच्या पदभ्रमंतीला न्यायचंय, मग आधी सराव कुठे करायचा? देवगिरी किल्ला छत्रपती संभाजीनगर शहरापासून जेमतेम १५ किलोमीटर. पायऱ्या चढताना दमसास कळतो, पालकही निर्धास्त. पण दुपारच्या आत सगळं आटोपतं.

कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यासाठी पहाटेच निघावं लागतं, वनखात्याला आधी विचारावं लागतं. तरी माझं मत गौताळ्यालाच. पाठीवर भरलेली सॅक, पायाखाली सुटा मुरूम. तिसऱ्या तासाला पट्टा खांद्यात रुततो, नवा बूट टाचेला चावतो. मागच्या खेपेला एका पोरीने फोड फुटेपर्यंत सांगितलंच नाही. तेव्हापासून दर विसाव्याला मी सगळ्यांचे मोजे काढायला लावते, टाचा स्वतः बघते. पुढे एक मोठं माणूस, मागे एक, ही शिस्तही पाऊलवाटेवरच अंगवळणी पडते.