खिडकी माझ्या पडद्यावर, खातं दुसऱ्याचं

ऑफिसचा कॉम्प्युटर ज्यांनी बाहेरच्या माणसाकडून दुरुस्त करून घेतलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. दहा मिनिटं काढून वाचा आणि वाचून झाल्यावर आपलं मशीन तपासा.

गिरगावात ठाकूरद्वारजवळ माझं अकाउंट्सचं छोटं ऑफिस आहे. मी, एक सहायक आणि दोन कॉम्प्युटर. जुलैमध्ये रिटर्नची गर्दी ऐन भरात असताना माझा कॉम्प्युटर अतिशय संथ झाला. लॅमिंग्टन रोडवर काम करणारा एक मुलगा ओळखीतून आला. बोलायला नम्र, पैसेही वाजवी घेतले. दोन तास बसला आणि जाताना म्हणाला, "मॅडम, ब्राउझर नव्याने टाकलाय. एकदा सगळीकडे पासवर्ड परत टाकावे लागतील. सेव्ह करू का विचारेल, हो म्हणा."

आम्ही हो म्हणत गेलो. मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, जीएसटी पोर्टल, आयकराचं पोर्टल, सगळ्यांत पुन्हा लॉगिन केलं.

प्रत्यक्षात त्याने ब्राउझर नव्याने टाकलाच नव्हता. माझ्या विंडोजमध्ये त्याने दुसरं युझर अकाउंट उघडलं होतं आणि डेस्कटॉपवर ब्राउझरचा जो शॉर्टकट ठेवला, तो त्या दुसऱ्या अकाउंटखाली चालत होता. विंडोजमध्ये 'रनअ‍ॅज' (runas) नावाची कमांड आहे. एका युझरच्या डेस्कटॉपवर बसून दुसऱ्या युझरच्या नावाने प्रोग्रॅम चालवायची ती सोय, विंडोज 2000 पासूनची. तिला 'सेव्हक्रेड' हा पर्याय जोडला की पासवर्ड एकदाच टाकावा लागतो, नंतर कधीच विचारत नाही. त्याने तो टाकून ठेवला होता. त्या ब्राउझरमध्ये त्याचं स्वतःचं खातं सिंकसाठी, म्हणजे सेव्ह केलेलं आपोआप त्या खात्यात जावं म्हणून, जोडलेलं होतं. आम्ही सेव्ह केलेला प्रत्येक पासवर्ड त्याच्याकडे पोचत होता.

खुणा होत्या, आणि त्याच मला सांगायच्या आहेत. चिन्हावर क्लिक केलं की आधी एक काळी खिडकी क्षणभर चमकून जायची. उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रात माझा फोटो नव्हता. डाउनलोड केलेली चलनं माझ्या डाउनलोड्समध्ये सापडेनात. त्याला फोन केला तर दुसऱ्या दिवशी येऊन डी ड्राइव्हवर एक फोल्डर करून गेला, "आता सगळं इथेच येईल." आणि सर्वांत मोठी खूण: एका संध्याकाळी अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या लिंकवर क्लिक केलं, तर ब्राउझर उघडला आणि त्यात माझे जुने बुकमार्क जसेच्या तसे! तो माझा खरा ब्राउझर होता, माझ्या अकाउंटखालचा. त्या क्षणी दोन्ही खिडक्या माझ्यासमोर शेजारी शेजारी होत्या. तीच चौकट, तोच रंग, तीच बटणं. बुकमार्क परत मिळाले म्हणून मला बरं वाटलं आणि मी कामाला लागले.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात डोंबिवलीच्या एका क्लायंटचा फोन आला. "ताई, नव्या खात्यात फी टाकली. पावती पाठवताय ना?" नवं खातं कुठलं? माझ्याच मेलवरून, माझ्याच सहीखाली, बँक बदलल्याचं पत्र अकरा जणांना गेलं होतं. तिघांनी पैसे भरले होते: 18,000, 31,500 आणि 12,000. काहींनी उलट विचारलंही होतं, पण मेलमध्ये त्याने फिल्टर लावला होता. 'बँक' किंवा 'खाते' हे शब्द असलेलं उत्तर थेट कचरापेटीत. नव्या ठिकाणाहून लॉगिन झाल्याची सूचनाही तिथेच पडलेली सापडली.

त्या रात्री भाचा आला. त्याने टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रॅमची यादी, उघडली, 'डिटेल्स' टॅबमध्ये 'युझर नेम'चा रकाना दाखवला. सगळ्या ओळींत माझं नाव किंवा विंडोजची स्वतःची नावं, आणि ब्राउझरच्या ओळींपुढे 'सपोर्ट'. मला घाम फुटला. लॉक स्क्रीनवर हे नाव कधीच दिसलं नव्हतं, कारण तिथून ते लपवता येतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत, 'नेट युझर' (net user) टाइप केल्यावर मात्र यादीत आलं.

कमांड प्रॉम्प्ट 'रनअ‍ॅज'ने उघडला तर शीर्षकात तरी तो कुणाच्या नावाने चालतोय हे लिहिलेलं येतं, आणि अ‍ॅडमिन म्हणून उघडला तर तसा शब्द येतो. साध्या प्रोग्रॅमच्या खिडकीवर असं काहीच नसतं. वॉलपेपर किंवा थीम बघून काही कळणार नाही, कारण डेस्कटॉप तुमचाच असतो. म्हणून युझर नेमचा रकाना बघा. शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट' वाचा. तिथे 'रनअ‍ॅज' दिसलं आणि ते तुम्ही टाकलेलं नसेल, तर तो शॉर्टकट वापरू नका. ब्राउझरमध्ये फाइल जोडायला गेलात की 'डॉक्युमेंट्स'चा पूर्ण पत्ता बघा, 'युझर्स'च्या पुढे कुणाचं नाव आहे ते. कंट्रोल पॅनलमधल्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये कुणाचे पासवर्ड साठवलेत तेही बघा. आणि पासवर्ड बदलायचे असतील तर दुसऱ्या, खात्रीच्या मशीनवरून बदला. मी घाईत आधी त्याच खिडकीतून बदलले आणि नवा पासवर्डही त्याच्याकडे गेला.

पैसे ज्यांच्या खात्यातून गेले, त्यांनी 1930 या ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायची होती. मी तिघांनाही त्याच रात्री फोन केले. ज्यांनी आदल्या दिवशी पैसे भरले होते त्यांचे 12,000 समोरच्या बँकेत अडवले गेले. बाकी रक्कम पुढच्या खात्यांत गेलेली होती. सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला, माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66सी आणि 66डी ही कलमं लावली, हार्ड डिस्क तपासासाठी नेली. त्या मुलाचा मोबाइल तेव्हापासून बंद आहे.

तिघांनीही फी भरली असं मी धरलं आणि पावत्या दिल्या. डोंबिवलीच्या काकांनी 31,500 भरले होते. निवृत्त आहेत, दर महिन्याला फोन करून तपासाचं विचारतात. पैसे अजून आलेले नाहीत.